मागच्या सीटवर तीन कारसीट: दुकानात जाण्याआधी गाडीत टेप घेऊन बसा

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मोठी मुलगी ७ वर्षांची, उंची ११८ सेंमी, वजन २० किलो. मुलगा सव्वातीन वर्षांचा, १४ किलो. तिसरं बाळ पुढच्या महिन्यात येतंय. गाडी पाच सीटची, चार मीटरच्या आतली एसयूव्ही. दुकानदार म्हणतो, मागे तीन कारसीट बसणं शक्यच नाही, सात सीटची गाडी घ्या. सासूबाई म्हणतात, एवढंसं बाळ, आईच्या मांडीवर राहील की. मुलांचे बाबा ५ फूट ११ इंच आहेत आणि गाडी बहुतेक वेळा तेच चालवतात. नवी गाडी आत्ता परवडणार नाही. काय करावं?

ताई, तुम्ही उंची-वजनासकट सगळं लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. निम्मे लोक फक्त वय सांगतात, आणि कारसीट वयावर बसत नाही, मापावर बसते. मी मिशिगनमध्ये असताना कारसीट बसवण्या-तपासण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. तिथे त्याचा रीतसर अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्र मिळतं आणि ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. २०१६ पासून पुण्यात आहे आणि तेव्हापासून इथल्या गाड्यांत हेच काम करते. तीन सीटचा प्रश्न वर्षाला आठ-दहा वेळा तरी समोर येतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत जमतं, काहींत खरंच जमत नाही. तुमच्या गाडीत जमेल की नाही ते एका गोष्टीवर ठरेल, म्हणून तिथूनच सुरू करते.

मागच्या मधल्या जागेचा बेल्ट पाहा. तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा आहे, की विमानात असतो तसा फक्त कमरेचा पट्टा? काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडच्या लहान गाड्यांत मध्ये नुसता कमरपट्टाच द्यायचे. नुसता कमरपट्टा असेल तर आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक कारसीट मध्ये लावता येत नाहीत, कारण त्यांच्या पुस्तिकेत तीन टोकांचा बेल्ट हवा असं लिहिलेलं असतं. बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवणारी बैठक) तर कमरपट्ट्यावर कधीच लावायचं नाही. बूस्टरचं कामच मुळात खांद्याचा आणि कमरेचा पट्टा मुलाच्या अंगावर योग्य जागी आणणं हे आहे. खांद्याचा पट्टाच नसेल तर आघाताच्या वेळी मूल कमरेतून पुढे दुमडतं. तेव्हा मध्ये कमरपट्टा निघाला तर पुढचा बराच मजकूर तुमच्या कामाचा नाही, शेवटाकडचा पुढच्या सीटबद्दलचा भाग वाचा.

मधला बेल्ट छतातून येत असेल तर आणखी एक गोष्ट बघा. अशा बेल्टला पुष्कळदा दोन जिभा असतात: एक नेहमीची आणि एक छोटी, जी बाजूच्या वेगळ्या खाचेत आधी अडकवावी लागते. ती छोटी जीभ मोकळी लोंबत असलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. तशा अवस्थेत तो बेल्ट असून नसल्यासारखा.

तीन टोकांचा बेल्ट आहे असं धरून पुढे जाते.

आता टेप घ्या आणि मागच्या सीटवर बसा. बैठकीच्या उंचीला एका दाराच्या आतल्या पॅनेलपासून दुसऱ्या दारापर्यंत मोजा. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींत माझ्या टेपवर हा आकडा साधारण १२५ ते १३२ सेंमी येतो. आता कारसीटचं बघा. बाजारातली सर्वसाधारण सीट ४४ सेंमीच्या आसपास रुंद असते. युरोपच्या नव्या आय-साइझ नियमात तर बाहेरच्या आकाराची कमाल रुंदीच ४४ सेंमी धरलेली आहे. तीन गुणिले ४४ म्हणजे १३२. दुकानदार हा गुणाकार करतो आणि नाही म्हणतो. त्याचा गुणाकार बरोबर आहे, पण कारसीट म्हणजे चौकोनी खोका नव्हे. खोक्यावर छापलेली रुंदी ही त्या सीटची सगळ्यात रुंद जागेची रुंदी असते, आणि ती रुंद जागा प्रत्येक सीटची वेगळ्या उंचीवर असते. बूस्टरची सगळ्यात रुंद जागा खांद्यापाशी, पाठीला टेकून. नवजात बाळाच्या उलट्या सीटची रुंद जागा डोक्याकडे, म्हणजे गाडीच्या पुढच्या सीटच्या बाजूला. आणि तिचा तळ तर पाळण्यासारखा निमुळता. त्यामुळे सरळ, उलटी, सरळ अशा लावल्या की एकीचे खांदे दुसरीच्या कमरेशी येतात आणि तिन्ही एकमेकींत गुंततात. कागदावर न बसणाऱ्या १३२ सेंमीच्या सीट १२७ सेंमीच्या गाडीत मी बसवल्या आहेत, त्या याच कारणाने.

(उलटी म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. रियर फेसिंग म्हणतात तीच.)

आयसोफिक्सबद्दल (कारसीट बेल्टऐवजी गाडीतच बसवलेल्या कड्यांना अडकवायची सोय) एक मोठा गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकते, कारण तीन सीटच्या बाबतीत तो सगळ्यात जास्त आड येतो. आयसोफिक्स असलेली सीट ‘जास्त सुरक्षित’ म्हणून लोक तिन्ही सीट आयसोफिक्सच्या शोधत बसतात. आपल्या गाड्यांत आयसोफिक्सच्या कड्या बहुधा मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात, मध्ये नसतात. शिवाय त्या कड्या एका जागी पक्क्या बसवलेल्या. एका जोडीतल्या दोन कड्यांमधलं अंतर २८ सेंमी, ते प्रमाणित. तिथे सीट अडकली की ती डावीकडे-उजवीकडे एक बोटही सरकत नाही. अरुंद गाडीत या कड्या आतल्या बाजूला सरकवून दिलेल्या असतात, म्हणजे कडेची सीट मधल्या जागेत घुसते आणि दाराशी दोन-तीन सेंमी फुकट मोकळे राहतात. तीच सीट गाडीच्या बेल्टने बांधली तर दाराकडे सरकवता येते. दोन्ही बाजूंचे मिळून पाच सेंमी वाचतात, आणि तीन सीटच्या खेळात पाच सेंमी म्हणजे हो आणि नाही यांतला फरक. आयसोफिक्सचा खरा फायदा हा की बसवताना चुका कमी होतात. बेल्टने नीट घट्ट बांधलेली सीट तिच्याहून कमी सुरक्षित नसते. फक्त ती सीट बेल्टने बांधायला मान्यता असलेली हवी. काही सीट केवळ आयसोफिक्सच्याच असतात, त्यांना बेल्टची वाटच नसते. खरेदीच्या वेळी हे आधी विचारा.

तुमच्या तिघांची जागा मी अशी ठरवेन.

बाळ मध्ये, उलट्या सीटवर. मुलगा ड्रायव्हरच्या मागे, सरळ सीटवर. मोठी मुलगी डावीकडे, पाठ असलेल्या बूस्टरवर.

कारणं सांगते, कारण तुमची गाडी वेगळी निघाली तर कारणांवरूनच तुम्हाला फेरफार करता येईल. मुलांचे बाबा उंच आहेत. उलटी सीट लांबीला जास्त जागा खाते. ती त्यांच्या मागे लावली तर त्यांना स्टिअरिंगला चिकटून बसावं लागेल आणि ते धोक्याचं आहे. मध्ये लावली तर ती पुढच्या दोन सीटच्या फटीत येते, कुणाचेच पाय आखडत नाहीत. शिवाय दोन्ही दारांपासून सगळ्यात लांबची जागा मधलीच, बाजूने कुणी येऊन धडकलं तर तिथे आघात सगळ्यात उशिरा पोचतो. पण हे लक्षात ठेवा की मध्ये ढिली बसलेली सीट कडेला पक्की बसलेल्या सीटपेक्षा वाईट. मध्ये पक्की बसत नसेल तर मधल्या जागेचा हट्ट सोडायचा.

मुलीचं डावीकडे असणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तिघांत ती एकटीच स्वतः दार उघडून उतरणार आहे, आणि आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो. शाळेच्या फाटकापाशी उजवं दार उघडणारं सात वर्षांचं मूल बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे बकल. बूस्टरवरच्या मुलाचा बेल्ट दर खेपेला लावावा आणि काढावा लागतो. बाकी दोन सीट एकदा बांधल्या की बांधल्या. डाव्या जागेचं बकल डाव्या आणि मधल्या सीटच्या फटीत असतं. तिथे शेजारी बाळाची तळाला निमुळती सीट असेल तर मुलीचा हात त्या फटीत जातो. शेजारी मुलाची रुंद तळाची सीट असेल तर जात नाही, आणि मग एक दिवस कंटाळून ती बेल्ट न लावताच बसते. हे मी पाहिलंय. पालकांना पत्ताही नसतो.

बकलवरून आणखी एक. बाळाची सीट बेल्टने बांधल्यावर बकलचं डोकं त्या सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं टेकून वाकलेलं दिसलं तर ते चालणार नाही. जोराचा आघात झाला की त्या कडेवर बकल उघडू शकतं किंवा तुटू शकतं. बकल सीटमधल्या बेल्टच्या वाटेच्या खाली, पट्ट्याच्या सरळ रेषेत राहायला हवं. दांडी लांब असेल तर काही जण बकल पीळ देऊन आखूड करतात; गाडीच्या आणि कारसीटच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय असं काही करू नका. जागा बदला, नाहीतर सीट बदला.

आता प्रत्यक्ष बसवणं. आधी मधली बसवा. कडेच्या दोन आधी घट्ट बसवल्या की मध्ये गुडघा घालायलाही जागा उरत नाही, आणि गुडघा न घालता पट्टा खरा घट्ट होत नाही. बाळाची सीट ठेवा, तिच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंच्या हुकांखालून आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून न्या. (बेसशिवाय नुसत्या बेल्टने बांधता येणारीच सीट घ्या. बेस म्हणजे सीट अडकवायचा, गाडीतच राहणारा वेगळा तळ; तो जास्त रुंद असतो आणि त्याचा गाडीच्या तळावर टेकणारा पाय मधल्या उंचवट्यावर किंवा गाडीच्या तळातल्या खणाच्या झाकणावर टेकला तर तो पायच निरुपयोगी.) इथे एक अडचण येऊ शकते: या फेऱ्याला पट्टा खूप लागतो आणि काही गाड्यांत मधला बेल्ट पुरतच नाही. म्हणून सीट विकत घेण्याआधी दुकानाबाहेर तुमच्याच गाडीत लावून बघायचा आग्रह धरा. तसं करू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

पट्टा घट्ट झाला का, हे कसं कळणार? पट्टा जिथून जातो त्याच जागी सीट धरून हलवा. तिथे अडीच सेंमीपेक्षा जास्त सरकू नये, ना पुढे ना बाजूला. सीटचा वरचा भाग धरून हलवाल तर कुठलीही सीट डुगडुगेल आणि तुम्ही उगाच घाबराल. उलट्या सीटचा कोन पण बघा. सीटवर रेघ किंवा बुडबुडा दिलेला असतो. सीट फार उभी झाली तर नवजात बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडखळतो. मधली बैठक बऱ्याच गाड्यांत फुगीर असते, त्यामुळे मध्ये कोन चुकण्याची शक्यता जास्त. पुस्तिकेत परवानगी असेल तर घट्ट गुंडाळलेला टॉवेल खाली देऊन तो साधता येतो.

मग मुलाची सीट, ड्रायव्हरच्या मागे. ती आधी आयसोफिक्सने लावून बघा. मध्ये पुरेशी जागा उरली तर तसंच राहू द्या, वरचा टेदर पट्टाही (सीटच्या माथ्यावरून मागे गाडीतल्या कडीला जाणारा) अडकवा. सरळ बसलेल्या मुलाचं डोकं आघातात किती पुढे फेकलं जातं ते हा टेदर कमी करतो, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. जागा उरली नाही तर बेल्टने, दाराकडे सरकवून. आपल्या गाड्यांतले बेल्ट फक्त झटका बसला की अडकतात, एरवी सैल सुटतात. तेव्हा बेल्टने बांधायच्या सीटला स्वतःचा पट्टा धरून ठेवणारा चाप हवा, नाहीतर आठवडाभरात पट्टा हळूहळू ढिला होतो. मुलगा सव्वातीनचा, १४ किलोचा आहे, सरळ बसायला हरकत नाही. आजवर तो उलटा बसत असता तर मात्र मी म्हटलं असतं, सीटची मर्यादा संपेपर्यंत बदलू नका.

बूस्टर शेवटी. त्याला गाडीशी घट्ट बांधायचं नसतं, म्हणून ते काढून बाजूला ठेवता येतं. याचा उपयोग करून घ्या. डाव्या दारातून बूस्टर बाहेर काढा, बाळाला मध्ये बसवून पट्टे लावा, बूस्टर परत आत, मग मुलगी. दोन-तीन दिवसांत हात बसतो. मुलीसाठी पाठ असलेलंच बूस्टर घ्या. बिनपाठीचं अरुंद असतं हे खरं, पण युरोपात २०१७ पासून नव्या मॉडेलच्या बिनपाठीच्या बूस्टरला १२५ सेंमीहून उंच मुलांसाठीच मान्यता मिळते. तुमची मुलगी अजून ११८ वर आहे. खांद्यापाशी पाठ थोडी रुंदीला समायोजित करता येते का ते बघा. पुष्कळांना एक-दोन खाचा असतात. कपहोल्डर निघत असतील तर काढा. तीन सीटच्या गाडीत कपहोल्डर ही चैन आहे.

एक तपासणी मी प्रत्येक वेळी करते आणि तुम्हीही करा. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब तीन सीट लावलेली गाडी घेऊन आलं होतं. कुठलीही सीट धरा, भिंतीसारखी घट्ट. वडिलांना वाटत होतं उत्तम काम झालंय. मी डावी सीट काढली आणि मधली माझ्या हातात आली. तिचा बेल्ट लावलेलाच नव्हता. दोन्ही शेजाऱ्यांच्या दाबाने ती पाचरीसारखी उभी होती, आणि त्या सीटवर दोन वर्षांचं मूल महिनाभर महामार्गावरून फिरत होतं. तेव्हापासून माझा नियम: एकेक सीट बसवली की शेजारची रिकामी करून ती एकटी पक्की आहे का बघायची. सीट एकमेकींना टेकल्या तर हरकत नाही. एकमेकींच्या टेकूवर उभ्या राहता कामा नयेत.

तिसऱ्या बाळाच्या बाबतीत हमखास होणारी गोष्ट म्हणजे ताईची जुनी सीट माळ्यावरून उतरते. मोठीची नवजात सीट असेल तर ती सात वर्षांची झाली. सीटच्या तळाच्या प्लॅस्टिकवर घड्याळासारखा एक गोल छापलेला असतो, मध्ये वर्ष आणि भोवती महिन्याचे आकडे किंवा बाण. ती बनवल्याची तारीख. वापराची मुदत किती, ते पुस्तिकेत किंवा लेबलवर असतं, साधारण ६ ते १० वर्षं. आपल्या उन्हात बंद गाडीत राहिलेलं प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होतं, म्हणून मी मुदत ताणत नाही. सीट कधी अपघातात सापडली असेल, किंवा नातेवाइकांकडून आली असून तिचा इतिहास माहीत नसेल, तर घेऊ नका. अमेरिकेतल्या दिरा-नणंदेने आणलेल्या सीटबद्दलही सांगते: तिथल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की टकटक करत अडकत आत जातो आणि सीट घट्ट धरतो. तिथल्या काही सीट त्या सोयीवर विसंबून बनवलेल्या असतात, त्यांना स्वतःचा चाप नसतो. आपल्या गाड्यांत बहुधा ती सोय नाही. आपल्याकडे नारिंगी लेबल आणि वर्तुळातलं ई अक्षर असलेली युरोपीय मान्यतेची, किंवा भारतीय एआयएस ०७२ मानकाची सीट बघून घ्या.

आता सासूबाईंचं. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्या पिढीने सगळी मुलं मांडीवरच वाढवली. मी आजींना एक हिशेब सांगते. ताशी ५० किमीने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरभरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी वीसपट ओढ येते. पाच किलोच्या बाळाची ओढ शंभर किलोची होते, आणि ती सुद्धा डोळ्यांचं पातं लवायच्या आत. शंभर किलोचं पोतं कुणाच्या हातात टिकेल? बहुतेक आजी यावर शांतपणे विचार करतात, कारण पोतं उचलणं म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा योग्य कारसीटशिवाय असेल तर चालकाला १००० रुपये दंड आहे. पण दंडासाठी म्हणून कुणी कारसीट लावू नये असं मला वाटतं.

या मांडणीची एक किंमत आहे, ती लपवत नाही. मागे तीन सीट लागल्या की मागे मोठं माणूस बसू शकत नाही. बाळ रडलं तर तुम्ही पुढच्या सीटवरून फक्त मान वळवाल. बाळ मध्ये उलटं असल्याने त्याचं डोकं तुमच्या हाताशी असेल, एवढा दिलासा. रडणं असह्य झालं तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, चालत्या गाडीत पट्टे सोडू नका. पहिल्या काही आठवड्यांत लांबचा प्रवास टाळाच. नंतरही बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. नाशिक-पुणे असेल तर संगमनेरला थांबा, बाळाला बाहेर काढून आडवं करा. आणि सासूबाई सोबत असतील त्या प्रवासाला ही गाडी पुरत नाही हे मान्य करा. तेव्हा कुणीतरी एकाने एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने यायचं.

मधला बेल्ट कमरपट्टा निघाला, किंवा सगळं करून तिसरी सीट पक्की बसत नसेल, तर पुढच्या सीटवर कुणीतरी जाईल. तो कुणीतरी बाळ नव्हे. उलट्या सीटसमोर चालू एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते; यात जीव जातो. पुढे जायचं तर तिघांत मोठीने, पाठ असलेल्या बूस्टरवर, सीट अगदी शेवटपर्यंत मागे सरकवून, आणि गाडीची पुस्तिका काय म्हणते ते वाचून. ब्रिटनच्या नियमातही मागे तिसऱ्या कारसीटला जागा नसेल तर तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला मागे नुसत्या मोठ्यांच्या बेल्टवर बसायची सवलत आहे. मी ती सवलत शिफारस म्हणून सांगत नाही. सात वर्षांच्या मुलीसाठी बूस्टरसह पुढची सीट मला बूस्टरशिवाय मागच्या सीटपेक्षा बरी वाटते. मग मागे दोन्ही कडेला आयसोफिक्सच्या सीट लागतील, मधली जागा रिकामी राहील. पण तुम्हाला किंवा आजींना दोन सीटच्या मध्ये दाटीवाटीने बसवू नका, कमरपट्ट्यावर मोठं माणूसही सुरक्षित नसतं. तुम्ही दुसऱ्या गाडीने.

सात सीटची गाडी हा दुकानदाराचा सल्ला वाईट नाही, पण तो वाटतो तितका सरळ नाही. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेची सीट दुमडावी लागते, आणि त्यावर कारसीट बांधलेली असेल तर ती दुमडत नाही. पुढेमागे घ्यालच, तर दुसऱ्या रांगेत एक बाजू मोकळी ठेवून मोठीला किंवा एका मोठ्या माणसाला मागे जाता येतं का, ते तुमच्या स्वतःच्या सीट बांधून शोरूममध्येच बघा. तिसऱ्या रांगेत आयसोफिक्स बहुधा नसतं आणि पाठीमागे डिकीची जागा जेमतेम असते, म्हणून लहान दोघं तिथे नकोत.

आता पुढच्या महिन्याआधी काय करायचं ते. या रविवारी मधला बेल्ट बघा आणि दार ते दार माप घ्या. मुलाची सीट किती रुंद, तिला बेल्टची वाट आहे का, चाप आहे का, ते तपासा. मग त्याच सीटसह गाडी घेऊन बाळाची सीट आणि बूस्टर बघायला जा, तिन्ही एकत्र लावूनच पैसे द्या. प्रसूतीच्या तारखेच्या निदान दोन-तीन आठवडे आधी सगळं बसवून ठेवा, कारण दवाखान्यातून घरी येतानाचा प्रवास हा बाळाचा पहिला प्रवास, आणि त्या दिवशी कुणाचंही डोकं ठिकाणावर नसतं. बाबांनी मधल्या सीटचे पट्टे लावायचा सराव तीन किलो तांदळाची पिशवी ठेवून करावा: खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, आणि घट्ट केल्यावर खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत येऊ नये. पिशवी उचलून दारातून आत न्यायची, बूस्टर बाहेर, पिशवी मध्ये, पट्टे, बूस्टर आत. पाच-सहा वेळा झालं की फोटो काढून पाठवा: एक डाव्या दारातून, एक उजव्या दारातून, आणि एक मधल्या बकलचा अगदी जवळून.